प्रसिद्ध चित्रकारांची आयुष्ये आणि शैली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रकारांविषयी जे प्रश्न सतत कानावर येतात, त्यांतले बरेचसे चित्रांविषयी नसून आयुष्यातल्या नाट्याविषयी असतात. कान कोणी कापून घेतला, खून कोणी केला, दिवाळे कोणाचे निघाले, हे विचारण्यात गैर काहीच नाही; मात्र या गोष्टी कळल्या की चित्र कळले असे मानले, तर चित्राकडे पाहणेच राहून जाते. म्हणून पुढील उत्तरांत आयुष्यातील घटना आवश्यक तेवढ्याच सांगितल्या आहेत आणि प्रत्येक वेळी पुन्हा रंगाच्या थराकडे, कडेकडे आणि उजेडाकडे यावे असा प्रयत्न केला आहे.

‘शैली’ म्हणजे नेमके काय?

चित्र रंगवताना चित्रकार जे निर्णय पुन्हापुन्हा घेतो, त्यांचा एकत्रित ठसा म्हणजे त्याची शैली. कडा रेखीव ठेवायची की विरू द्यायची, रंग पातळ थरांत चढवायचा की जाडसर थापायचा, उजेड कोणत्या बाजूने आणायचा आणि समोर दिसणाऱ्यांपैकी काय गाळायचे, हे ते निर्णय होत.

योहानेस वर्मीर आणि रेम्ब्रांट हे दोघेही सतराव्या शतकातील डच चित्रकार. दोघांचे साहित्य जवळपास सारखेच होते, तरीही त्यांची दोन चित्रे शेजारी ठेवली तर ती दोन वेगळ्या जगांतली वाटतात. वर्मीरच्या ‘दूध ओतणारी स्त्री’ या चित्राची उंची जेमतेम हातभर आहे. टेबलावरच्या पावाच्या पृष्ठभागावर त्याने फिकट रंगाचे बारीक ठिपके ठेवले आहेत. अगदी जवळून ते नुसते ठिपके दिसतात, दोन पावले मागे सरले की तोच पाव खरपूस आणि खडबडीत दिसू लागतो. त्या स्त्रीच्या मागच्या भिंतीवर एक खिळा आहे, खिळ्याची सावली आहे आणि उपटून काढलेल्या खिळ्यांची भोकेही आहेत. याच भिंतीवर त्याने आधी भांडी टांगायची फळी रंगवायला घेतली होती आणि नंतर ती स्वतःच रंगाखाली झाकून टाकली, हे २०२२ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत दिसून आले. फळी नको, पण खिळ्याचे भोक हवे, असा तो निर्णय होता.

रेम्ब्रांटच्या ‘ज्यू वधू’ या चित्रातील पुरुषाच्या बाहीवर सोनेरी पिवळा रंग इतका जाड लावलेला आहे की तो उठावशिल्पासारखा उभा राहतो आणि खोलीतला खराखुरा उजेड त्याच्या कंगोऱ्यांवर पडून चमकतो. वर्मीर उजेड रंगवतो; रेम्ब्रांट उजेडाला पडायला जागा करून देतो. १८८५ मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉग ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात या चित्रापुढे बसला, तो तेथून उठायलाच तयार नव्हता.

शैली चित्रकाराच्या स्वभावातून येते की साहित्यातून?

दोन्हींतून येते; परंतु साहित्याचा वाटा आपण नेहमी कमी धरतो, असे माझे मत आहे. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने रंग भरण्यासाठी दाबता येणाऱ्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले. त्यापूर्वी तयार तैलरंग प्राण्यांच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवावे लागत आणि ते लवकर वाळत. नळी आली आणि दिवसभर उघड्यावर बसून तैलरंगात काम करणे सोपे झाले. क्लोद मोने आणि त्याच्या सोबत्यांची दृक्प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट) चित्रे या सोयीशिवाय तशी झाली नसती.

रंगद्रव्यांचेही तसेच आहे. अफगाणिस्तानातल्या बदख्शान भागातील लाजवर्द या दगडापासून मिळणारा अल्ट्रामरीन निळा इतका महाग होता की युरोपात चित्राच्या करारात तो किती आणि कोठे वापरायचा, हेही लिहून घेत. वर्मीरने मात्र तो सढळ हाताने, दुसऱ्या रंगांच्या खालच्या थरांतसुद्धा वापरला. याउलट जपानी चित्रकार होकुसाई याच्या हाती सत्तरीच्या आसपास युरोपात बनलेला प्रशियन निळा आला. त्याच्या प्रसिद्ध लाटेची खोल निळाई त्या परक्या रंगाची आहे. ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ या ज्या मालिकेत ही लाट येते, तिच्यात प्रत्यक्षात ४६ चित्रे आहेत, कारण मालिका लोकांना आवडली आणि आणखी दहा चित्रांची भर पडली. पुढे हीच जपानी मुद्राचित्रे (लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे) मोनेने जमवली आणि व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगेच्या चित्रांवरून तैलरंगात प्रतिकृती केल्या. निळा रंग पूर्वेला गेला आणि सपाट रंगक्षेत्रांची दृष्टी पश्चिमेला आली. ही देवघेव मला कोणत्याही एका चित्रकाराच्या चरित्राइतकीच मोलाची वाटते.

लिओनार्दो दा विंची याची चित्रे इतकी कमी का आहेत?

लिओनार्दो (१४५२–१५१९) याची म्हणून सर्वमान्य असलेली चित्रे वीसही भरत नाहीत. तो शरीररचना, पाण्याचे प्रवाह, पक्ष्यांचे उड्डाण यांच्या अभ्यासात गुंतलेला असे, हे कारण खरे आहे. पण त्याची रंगवण्याची रीतही तितकीच कारणीभूत होती. ‘मोनालिसा’च्या ओठांच्या कोपऱ्यांत रेषा शोधून पाहावी. ती सापडत नाही. अत्यंत पातळ थर एकावर एक चढवत त्याने उजेडातून सावलीत जाणारी वाट अशी धुरकट केली आहे की ओठ कोठे संपतात हे डोळ्याला ठरवता येत नाही, आणि त्या अनिश्चितीलाच आपण गूढ हास्य म्हणतो. असे काम घाईने होत नाही. १५०३ च्या सुमारास सुरू केलेले हे चित्र त्याने मागणी करणाऱ्याला दिलेच नाही. ते अखेरपर्यंत त्याच्यापाशी राहिले.

या संथपणाची किंमतही त्याने मोजली. मिलानमधील ‘शेवटचे भोजन’ हे भित्तिचित्र (सुमारे १४९५–१४९८) त्याने ओल्या गिलाव्यावर न रंगवता कोरड्या गिलाव्यावर रंगवले, कारण ओला गिलावा चित्रकाराला थांबून विचार करू देत नाही. परिणामी रंग भिंतीत मुरला नाही आणि काही दशकांतच त्याचे पापुद्रे सुटू लागले. १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षे चाललेल्या जतनकार्यानंतर आज जे दिसते, त्यात मूळ रंगाचा अंश थोडाच आहे.

मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलचे छत आडवे पडून रंगवले का?

नाही. १५०८ ते १५१२ या काळात त्याने मचाणावर उभे राहून, मान मागे टाकून काम केले. त्या यातनांविषयी त्याने मित्राला एक कविता लिहिली आणि तिच्या शेजारी हात वर करून छत रंगवणाऱ्या माणसाचे लहानसे चित्रही काढले. त्या छतावर एक गोष्ट जरूर पाहावी : सुरुवातीला रंगवलेल्या महापुराच्या प्रसंगात आकृत्या लहान आणि गर्दी मोठी आहे, तर पुढच्या प्रसंगांत आकृत्या थोड्या आणि भव्य होत जातात. इतक्या उंचीवरची बारीक गर्दी खालून वाचता येत नाही, हे त्याला काम करता करता उमगले असावे.

कॅराव्हॅज्जोच्या चित्रांतला अंधार त्याच्या गुन्हेगारी आयुष्यातून आला का?

हे स्पष्टीकरण आकर्षक आहे, पण तारखा त्याला साथ देत नाहीत. कॅराव्हॅज्जोच्या (१५७१–१६१०) हातून रोममध्ये खून झाला तो मे १६०६ मध्ये. ‘संत मॅथ्यूला पाचारण’ हे चित्र मात्र १५९९–१६०० चे आहे, आणि तिरप्या उजेडाचा पट्टा व भोवतीचा दाट काळोख ही त्याची ओळख त्यात पूर्ण घडलेली दिसते. त्या चित्रात काही माणसे टेबलाशी बसून पैसे मोजत आहेत, उजवीकडून ख्रिस्ताचा हात पुढे आला आहे आणि उजेडही त्याच बाजूने येतो. नेमके कोणाला बोलावले आहे, असा संभ्रम बसलेल्यांना पडावा तसा पाहणाऱ्यालाही पडतो. अंधार येथे भय दाखवण्यासाठी नसून अनावश्यक सारे पुसून टाकण्यासाठी आला आहे.

खुनानंतर तो नेपल्स, माल्टा, सिसिली असा पळत राहिला, आणि या काळातील चित्रे अधिक रिकामी, घाईत व पातळ रंगात केलेली आहेत, हे मान्य करावे लागते. माल्टातील ‘संत योहानाचा शिरच्छेद’ (१६०८) या चित्रावर त्याची एकमेव स्वाक्षरी आहे, आणि ती जमिनीवर सांडलेल्या रक्ताच्या रंगातच केलेली आहे. येथे आयुष्य चित्रात शिरले असे कोणी म्हटले, तर मी वाद घालणार नाही.

‘नाइट वॉच’ लोकांना आवडले नाही म्हणून रेम्ब्रांटचे दिवाळे निघाले, हे खरे आहे का?

ही दंतकथा आहे. १६४२ मधील हे चित्र ज्या नगररक्षक पथकासाठी काढले होते, त्यांच्याच सभागृहात ते टांगले गेले आणि रेम्ब्रांटला त्याचा मोबदलाही मिळाला. दिवाळखोरी आली ती १६५६ मध्ये, आणि तिची कारणे सामान्य माणसासारखीच होती : १६३९ मध्ये १३,००० गिल्डरला (तेव्हाचे डच चलन) हप्त्यांवर घेतलेले मोठे घर, थकलेले हप्ते, आणि चित्रे, शिल्पे, शस्त्रे व शंखशिंपले विकत घेण्याचा न आवरणारा नाद. चित्राचे नावही फसवे आहे. त्यात रात्र नाही. जुने वॉर्निश काळवंडल्यामुळे ती रात्र वाटू लागली. १७१५ मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर बसेना म्हणून ते चारी बाजूंनी कापले गेले, आणि कापलेले तुकडे आजतागायत सापडलेले नाहीत.

व्हॅन गॉगचे जिवंतपणी एकच चित्र विकले गेले का? तो वेडाच्या भरात रंगवत असे का?

‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र १८९० मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनातून ॲना बोक या चित्रकर्तीने ४०० फ्रँकला घेतले, ही त्याची सर्वांत प्रसिद्ध विक्री होय. परंतु १८८२ मध्येच त्याच्या काकांनी त्याच्याकडून हेग शहराची रेखाटने पैसे देऊन करून घेतली होती, त्यामुळे त्याचे काम कोणी विकत घेतलेच नाही असे म्हणता येत नाही. चित्रकार होण्याचे त्याने सत्ताविसाव्या वर्षी ठरवले आणि सदतिसाव्या वर्षी तो गेला. दहा वर्षांच्या कामाला जानेवारी १८९० मध्ये छापील स्तुती लाभू लागली होती, हे पाहता उपेक्षेपेक्षा अवधी संपला असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

वेडाविषयीचा प्रश्न मला मनापासून लागतो, कारण त्याने एका अत्यंत कष्टाळू माणसावर अन्याय होतो. व्हॅन गॉग आजारी होता. २३ डिसेंबर १८८८ रोजी आर्लमध्ये त्याने स्वतःचा कान कापला, आणि पुढे सॅ-रेमीच्या रुग्णालयात तो वर्षभर राहिला. पण झटके तीव्र असत तेव्हा त्याला काम करता येत नसे; चित्रे झाली ती मधल्या शांत दिवसांत. यथादर्शन (जवळच्या-दूरच्या वस्तूंचे प्रमाण) नीट साधावे म्हणून त्याने लाकडी चौकटीत दोरे ताणून एक साधन करून घेतले होते आणि ते घेऊन तो शेतात जाऊन बसे. दोऱ्यांच्या चौकटीतून क्षितिज मोजणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे उन्मादाची कल्पना आपोआप गळून पडते. त्याची आठशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत कोणत्या रंगाशेजारी कोणता ठेवायचा याचा हिशेब पानोपानी आहे.

ही कीर्ती उभी राहिली ती भाऊ थिओच्या पत्नीमुळे. थिओ दरमहा पैसे पाठवत असे. व्हिन्सेंटनंतर सहा महिन्यांत तोही वारला. तान्हे मूल पदरात असलेल्या योहानाने चित्रे सांभाळली, प्रदर्शने भरवली आणि पत्रे प्रसिद्ध केली.

आज दिसणारे रंग मूळचेच असतात का?

अनेकदा नसतात. व्हॅन गॉगच्या ‘शयनकक्ष’ या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात. त्याने पत्रात त्या फिकट जांभळ्या असल्याचे लिहिले आहे. मिश्रणातला लाल रंग उजेडाने उडाला आणि निळा तेवढा उरला. जांभळ्या भिंतींपुढचा पिवळा पलंग त्याने विचारपूर्वक योजला होता, कारण ते परस्परविरोधी रंग आहेत. निळ्या भिंतींपुढे तो मेळ हुकतो. चित्रकाराच्या रंगदृष्टीविषयी ठाम विधान करण्यापूर्वी अशा बदलांची चौकशी केलेली बरी.

मोनेची अंधुक चित्रे ही त्याच्या मोतीबिंदूची देणगी आहे का?

फार थोड्या अंशी. मोनेला (१८४०–१९२६) मोतीबिंदू असल्याचे निदान १९१२ मध्ये झाले आणि उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली. मधल्या वर्षांतील काही चित्रांतला तांबूस-तपकिरी गोंधळ डोळ्यांशी जोडता येतो. परंतु ज्या चित्राच्या नावावरून ‘इंप्रेशनिस्ट’ हा शब्द एका समीक्षकाने १८७४ मध्ये हेटाळणीने वापरला, ते सूर्योदयाचे चित्र १८७२ चे आहे. गवताच्या गंजींची मालिका १८९०–९१ ची आणि रुआँच्या कॅथीड्रलची तीसहून अधिक चित्रे १८९२–९४ ची आहेत. तेव्हा त्याचे डोळे उत्तम होते. एकाच वेळी अनेक कॅनव्हास मांडून, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा, अशी त्याची शिस्त होती.

सेझानला ‘आधुनिक चित्रकलेचा जनक’ का म्हणतात?

वस्तू कशी दिसते आणि ती कशी घडली आहे, या दोन्ही गोष्टी एकाच रंगलेपात आणण्याचा त्याने ध्यास घेतला, आणि तेथून घनवादाची (क्यूबिझमची) वाट निघाली. त्याच्या कामाची गती समजण्यासाठी चित्रविक्रेता व्होलार याने सांगितलेली आठवण पुरेशी आहे. सेझानने व्यक्तिचित्रासाठी त्याला ११५ वेळा बसवले आणि शेवटी चित्र अपुरेच सोडले. हातावर दोन बारीक जागा कोऱ्या राहिल्या होत्या. तेथे चुकीचा रंग पडला तर त्या जागेपासून पुन्हा सारे चित्र रंगवावे लागेल, असे सेझानचे म्हणणे होते. एक ठिपका बदलला की शेजारचे सगळे बदलते, ही त्याची श्रद्धा त्या दोन कोऱ्या जागांत दिसते.

पिकासोला ‘नीट’ चित्र काढता येत होते का?

येत होते, आणि लहानपणापासून येत होते. वडील चित्रकलेचे शिक्षक होते. ‘विज्ञान आणि करुणा’ हे रुग्णशय्येचे वास्तवदर्शी चित्र त्याने १८९७ मध्ये, सोळावे वरीस पुरे होण्याआधीच रंगवले. घनवाद ही असमर्थता झाकण्याची युक्ती नव्हती. ती जॉर्ज ब्राक या फ्रेंच चित्रकाराच्या साथीने केलेली शोधयात्रा होती, आणि १९११ च्या सुमारास दोघांची चित्रे एकमेकांपासून ओळखणे जाणकारांनाही अवघड जाते.

प्रसिद्ध चित्रकारांत स्त्रिया इतक्या कमी का आढळतात?

कारण त्यांना शिकू दिले गेले नाही, आणि ज्या शिकल्या त्यांची नावे पुसली गेली. लंडनच्या रॉयल ॲकॅडमीच्या १७६८ मधील संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. योहान झोफनीने सदस्यांचे जे समूहचित्र काढले, त्यात पुरुष सदस्य विवस्त्र मॉडेलभोवती जमले आहेत, आणि या दोघी मात्र भिंतीवर टांगलेल्या व्यक्तिचित्रांच्या रूपात आहेत. मॉडेलच्या खोलीत स्त्रियांना प्रवेश नव्हता. पॅरिसच्या एकोल दे बोझार या संस्थेने स्त्रियांना घेतले ते १८९७ मध्ये. अमृता शेर-गिल यांनी पुढे याच संस्थेत शिक्षण घेतले आणि त्यांच्या ‘तरुण मुली’ (१९३२) या चित्राला पॅरिसच्या सलोंमध्ये (मोठ्या चित्रप्रदर्शनात) सुवर्णपदक मिळाले.

पुसलेल्या नावाचे सर्वांत बोलके उदाहरण यूडिथ लेस्टर हिचे आहे. सतराव्या शतकात हार्लेम या डच शहराच्या चित्रकार संघाची ती सदस्य होती. मृत्यूनंतर तिची चित्रे त्याच शहरातील चित्रकार फ्रान्स हाल्स याच्या नावावर खपू लागली. १८९३ मध्ये हाल्सचे समजल्या जाणाऱ्या एका चित्रावर एका अभ्यासकाला तिची खूण सापडली : जे आणि एल ही अक्षरे आणि त्यांना जोडलेला तारा. तिच्या आडनावाचा अर्थ दिशादर्शक तारा असा होतो. ती खूण दोनशेहून अधिक वर्षे चित्रावरच होती.

एखादे चित्र नेमके कोणाचे, हे कसे ठरवतात?

मालकीच्या जुन्या नोंदी, क्ष-किरण व अवरक्त किरणांनी केलेली तपासणी, लाकडी फळीच्या वर्तुळांवरून काढलेले वय आणि जाणकाराची नजर, या सगळ्यांचा मेळ घालावा लागतो. नुसत्या नजरेवर विसंबल्याचे फळ हान फान मेगेरेन या डच बनावटकाराने दाखवून दिले. १९३७ मध्ये त्याचे बनावट ‘वर्मीर’ एका नामवंत डच संग्रहालयासाठी घेतले गेले. रंग लवकर कठीण व्हावा म्हणून त्याने त्यात बेकेलाइट या आधुनिक प्लॅस्टिकच्या जातीचे कृत्रिम राळ मिसळले होते, आणि रासायनिक तपासणीत तेच पुरावा ठरले. आज ती चित्रे पाहताना फसवणूक कशी झाली याचेच नवल वाटते, कारण त्यांतले जड पापण्यांचे चेहरे सतराव्या शतकातले वाटत नाहीत, विसाव्या शतकातले वाटतात. बनावटकार आपल्या काळाची आवड नकळत रंगवतो, आणि त्या काळच्या माणसाला नेमकी तीच दिसत नाही.

अभ्यासाची सुरुवात कोठून करावी?

शेकडो नावे पाठ करण्याऐवजी एकच चित्रकार घ्यावा आणि त्याची सुरुवातीची व शेवटची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. रेम्ब्रांटची आत्मचित्रे यासाठी सर्वांत चांगली, असे मी सुचवेन. १६२८ च्या सुमाराच्या लहानशा आत्मचित्रात बाविशीतला रेम्ब्रांट डोळे सावलीत ठेवून पाहतो आहे, आणि त्याचे कुरळे केस दाखवण्यासाठी त्याने ओला रंग कुंचल्याच्या मागच्या टोकाने ओरखडला आहे. लंडनच्या केनवुड हाउसमधील ‘दोन वर्तुळांसह आत्मचित्र’ सुमारे १६६५ चे, म्हणजे साठीकडे झुकलेल्या वयातले. त्यात पांढरी टोपी मोजक्या फटकाऱ्यांत उरकली आहे, आणि रंगफलक धरलेल्या हाताच्या जागी हात नाहीच. तेथे रंगाच्या काही वेगवान रेघा आहेत. क्ष-किरणांत असे दिसते की त्याने प्रथम आरशात दिसले तसे, डाव्या हातात कुंचला असलेले चित्र रंगवले होते आणि नंतर हात बदलले.